ग्राहक व्यवहार विभागाला खुलं पत्र: फॉरमॅट बंद पडला की गिऱ्हाईकानं कुठं जायचं?

प्रति,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, मॅडम, जे कोणी हे वाचतील त्यांना परभणीहून नमस्कार.

मी इथं आधी व्हिडिओ लायब्ररी चालवली, मग सीडी-डीव्हीडी भाड्यानं दिल्या, मग लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग केलं, आणि आता लोकांच्या जुन्या कॅसेट पेन ड्राइव्हमध्ये उतरवून देतो. १९८८ पासून तेच दुकान, तेच काउंटर. त्या काउंटरवरून व्हीएचएस गेली, व्हीसीडी गेली, डीव्हीडी गेली आणि प्रत्येक वेळी लोक काय बोलले ते मी समोर उभं राहून ऐकलंय, म्हणून हे पत्र लिहायलोय.

तुम्ही २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि घरातली इलेक्ट्रॉनिक्स, टीव्ही-फ्रिजसारख्या टिकाऊ वस्तू, गाड्या असं सगळं त्यात घेतलं. चांगलं काम झालं ते, मनापासून सांगतो. पण त्यात एक गोष्ट राहिली. मशीन बिघडली तर ती दुरुस्त करून मिळावी हे त्यात आहे, पण मशीन एकदम ठणठणीत आहे, लाईट लागते, ट्रे बाहेर येतो, आणि तिच्यात टाकायची डिस्कच बाजारातून उठली तर त्या माणसानं कोणाकडं जायचं, हे कुठंच नाय.

२००८ ची गोष्ट सांगतो. फेब्रुवारीत आमच्याकडं उरूस भरतो, तुराबुल हक बाबांचा, त्याच सुमाराला कृषी विद्यापीठातून रिटायर झालेल्या एका सरांचा मुलगा अमेरिकेहून आला. त्यानं वडिलांसाठी एचडी डीव्हीडीचा, म्हणजे साध्या डीव्हीडीपेक्षा लै स्पष्ट चित्र दाखवणाऱ्या नव्या डिस्कचा प्लेयर आणला होता आणि सोबत सात-आठ डिस्क. मशीन ११० व्होल्टची, म्हणून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मी आणून दिला, सरांनी औरंगाबादहून नवीन एलसीडी टीव्ही घेतला होता त्याला जोडून दिली, आणि लोडशेडिंगचे दिवस होते त्यामुळं लाईट यायची वाट बघत आम्ही चहा पीत बसलो. लाईट आली, जंगलातल्या प्राण्यांची डिस्क लावली, आणि खरं सांगतो मी तोपर्यंत वीस वर्षं व्हिडिओच्या धंद्यात होतो पण हरणाच्या अंगावरचा केस न केस असा वेगळा दिसतो हे मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं. सर उठून टीव्हीच्या जवळ जाऊन उभे राहिले. बाई आतून पोळ्या टाकायच्या सोडून बाहेर आल्या.

आणि १९ फेब्रुवारीला ही डिस्क काढणाऱ्या तोशिबानं जाहीर केलं की आता एचडी डीव्हीडी बंद. सरांकडं मशीन येऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

सर दुकानात आले, हातात पेपरचं कात्रण. मला म्हणाले, "हे चालणं बंद होणार का आता?" मी म्हणलं नाय सर, चालंल, पण नवीन पिक्चर ह्याच्यात येणार नाय. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग पोरानं चुकीचं घेतलं." मला तेव्हा काहीच बोलता आलं नाही पण आज सतरा-अठरा वर्षांनी मी बोलतो की पोरानं काही चुकीचं घेतलं नव्हतं. दुकानात ठेवलेली, जाहिरात केलेली, नावाजलेल्या कंपन्यांनी पाठीशी उभं राहून विकलेली वस्तू त्यानं पैसे मोजून घेतली होती. (मशीनवर कोणाचा शिक्का होता ते मी लिहीत नाय, कारण माझी तक्रार एका कंपनीची नाहीच, ह्या सगळ्या रीतीची आहे.)

आता त्या महिन्या-दीड महिन्यात काय घडलं ते जरा बघा, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. ४ जानेवारी २००८ ला हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्सनं सांगितलं की आम्ही यापुढं फक्त ब्लू-रेवर, म्हणजे एचडी डीव्हीडीला टक्कर देणाऱ्या दुसऱ्या डिस्कवर पिक्चर काढणार. त्याआधी वॉर्नर दोन्हीकडं होती, युनिव्हर्सल आणि पॅरामाउंट एचडी डीव्हीडीकडं होते, सोनी, डिस्ने, फॉक्स ब्लू-रेकडं होते. वॉर्नर गेली तशी लास व्हेगासच्या मोठ्या प्रदर्शनातली एचडी डीव्हीडीवाल्यांची पत्रकार परिषदच रद्द झाली. म्हणजे आतल्या लोकांना पारडं कुठं झुकलं ते कळलं होतं. आणि तरी जानेवारीच्या मध्यावर, आपल्याकडं संक्रांत होती तेव्हा, एचडी डीव्हीडीच्या मशीनचे भाव उतरवले, सगळ्यात स्वस्त मशीन दीडशे डॉलरच्या आत आली. ३ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल मॅचमध्ये जाहिरातसुद्धा झाली. मग ११ तारखेला, तेव्हा पोस्टानं डिस्क भाड्यानं देणाऱ्या नेटफ्लिक्सनं सांगितलं आम्ही ब्लू-रेच ठेवणार, १५ ला वॉलमार्ट ह्या मोठ्या दुकानवाल्या कंपनीनं सांगितलं, आणि १९ ला संपलं. सरांच्या पोरानं ती मशीन भाव उतरल्यावर घेतली होती. स्वस्त मिळाली म्हणून वडिलांसाठी घेतली. भाव कामून उतरलाय हे त्याला कोणी सांगितलं नाय, डब्यावर कुठं लिहिलं नव्हतं.

जगभरात मिळून अशा दहाएक लाख मशीन विकल्या गेल्या होत्या, त्यात एक्सबॉक्स ह्या गेमच्या मशीनला जोडायचे ड्राइव्हसुद्धा आले. लोकांनी काय काय केलं ते मी तेव्हाही वाचलं आणि पुढं कॅसेट-डिस्कवाल्या लोकांशी बोलताना ऐकलंही. जे थांबले होते, कुठलंच घेतलं नव्हतं, ते खूश झाले की चला आता एकच राहिला, आता घेऊ. ज्यांनी घेतलं होतं ते चिडले, काहींनी मशीन परत करायला रांगा लावल्या. काहींनी उलट डोकं लावलं आणि मातीमोल भावात निघालेल्या एचडी डीव्हीडीच्या डिस्क पोतंभर उचलल्या, की मशीन आहे तोवर बघू. आणि बहुतेकांना काही फरकच पडला नाय, त्यांची साधी डीव्हीडी चांगली चालली होती. आमच्या परभणीत तर निम्म्या घरात अजून व्हीसीडीच होती, दोन डिस्कचा पिक्चर, मध्ये उठून दुसरी लावायची, त्यांना हे भांडण चालू होतं हेच माहीत नव्हतं. मी कोणालाच चूक म्हणत नाय. पण ज्यांनी भरवसा ठेवून आधी घेतलं त्यांनाच मार बसला आणि जे लांबून बघत बसले ते वाचले, हे मला तेव्हाही पटलं नाय आणि आजही पटत नाय.

अन् कोणती वस्तू चांगली होती असं कोणी विचारलं तर तेही सांगतो, कारण लोक म्हणतात जी चांगली होती ती जिंकली. दोन्हीकडं तोच ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर, दोन्ही डिस्क १२ सेंटीमीटरच्या. ब्लू-रेत एका थरात २५ जीबी बसायचे, दोन थरात ५०, एचडी डीव्हीडीत १५ आणि ३०. जागेत ब्लू-रे पुढं, ते खरं आहे. पण एचडी डीव्हीडीवर रिजन कोड नव्हता. जगात कुठली डिस्क घ्या आणि कुठल्याही मशीनमध्ये लावा. ब्लू-रेला ए, बी, सी असे भाग पाडले, अमेरिका ए मध्ये, युरोप आणि आखाती देश बी मध्ये, आपण सी मध्ये. सरांनी नंतर इथंच ब्लू-रे प्लेयर घेतला, पोरानं अमेरिकेहून डिस्क पाठवल्या, त्यातल्या काही चालल्या आणि काहींवर नुसता मेसेज आला की ह्या भागात चालणार नाय. ज्याचं पोरगं परदेशात आहे, ज्याचा भाऊ दुबईला-सौदीला कामाला आहे, अशी घरं मराठवाड्यात गल्लीगल्लीत आहेत, त्यांच्यासाठी हरलेली वस्तू जास्त सोयीची होती. आणि जिंकलेल्या बाजूच्या पहिल्या गिऱ्हाईकांचं तरी कुठं भलं झालं, सुरुवातीच्या ब्लू-रे प्लेयरमध्ये इंटरनेटचा भागच नव्हता, नंतर इंटरनेटवालं नवीन प्रोफाइल आलं आणि प्लेस्टेशन ३ ह्या सोनीच्या गेमच्या मशीनवाल्यांना ते अपडेटनं मिळालं, बाकीच्यातले बरेच लोक जुन्यावरच राहिले.

हे सगळं टळलं असतं आणि मला सगळ्यात जास्त हेच लागतं. डीव्हीडीच्या वेळेला टळलं होतं ना. १९९५ ला अशाच दोन पार्ट्या होत्या, एकीकडं सोनी आणि फिलिप्स, दुसरीकडं तोशिबा आणि टाइम वॉर्नर, दोघांच्या दोन वेगळ्या डिस्क तयार होत्या. तेव्हा आयबीएम आणि बाकीच्या कॉम्प्युटर कंपन्या आडव्या उभ्या राहिल्या की आधी एक ठरवा, दोन असतील तर आम्ही घेणार नाय. आणि ठरलं. बाजारात यायच्या आधी ठरलं, म्हणून डीव्हीडी घेणाऱ्या एकाही माणसाला आपण हरलेली डिस्क घेतली असं कधी वाटलं नाय. २००५ ला एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रेवाल्यांची परत तशीच बोलणी झाली, त्या वेळेला फिसकटली, आणि कंपन्यांचं टेबलावर जे मिटलं नाय ते मिटवायचा खर्च लोकांच्या खिशातून झाला.

त्याच्याही आधीचं मी स्वतः पाहिलेलं आहे. दुकान टाकलं त्याच वर्षी नानलपेठेतला एक गडी आखातातून बीटाची, म्हणजे व्हीएचएसच्या विरोधातल्या दुसऱ्या कॅसेटची मशीन घेऊन आला होता. बारकी कॅसेट, चित्र लै स्वच्छ. आमच्याकडं सगळी व्हीएचएस, ई-१८० ची कॅसेट, तीन तासाचा हिंदी पिक्चर एकाच कॅसेटमध्ये बरोबर बसायचा. तो दर रविवारी यायचा, रॅकवर नजर टाकायचा आणि विचारायचा, आली का एखादी माझ्या मशीनची. एकदाही आली नाय. मला तेव्हा माहीत नव्हतं पण त्याच १९८८ साली बीटा काढणारी सोनी स्वतः व्हीएचएस बनवायला लागली होती. कंपनीनं वाट बदलली, तोशिबानंही पुढं २००९ ला ब्लू-रेच घेतलं, धंदा आहे, बदलावं लागतं, त्याला माझी हरकत नाय. पण त्या गड्याला वाट बदलायला परत नवीन मशीन घ्यावी लागली आणि तिचे पैसे त्याच्या आखातातल्या घामाचे होते.

आता तुम्ही म्हणाल की कंपन्यांवर आम्ही काय जबरदस्ती करणार. तर मनात आलं तर कंपन्या करतात हो. २००८ लाच अमेरिकेत बेस्ट बाय नावाच्या दुकानवाल्या कंपनीनं एचडी डीव्हीडी प्लेयर घेतलेल्या आपल्या गिऱ्हाईकांना ५० डॉलरची गिफ्ट कार्डं दिली. २००९ ला वॉर्नरनं योजना काढली की एचडी डीव्हीडीच्या डब्याचं कव्हर पाठवून द्या, वर ४ डॉलर ९५ सेंट आणि पोस्टाचा खर्च द्या, त्याच पिक्चरची ब्लू-रे घेऊन जा. आणि परवा २०२५ ला त्याच कंपनीनं कबूल केलं की २००६ ते २००८ मध्ये बनलेल्या काही डीव्हीडी खराब व्हायल्यात, त्या बदलून देऊ. म्हणजे अशक्य काही नाय. फक्त ते तिथल्या लोकांसाठी होतं, आणि कंपनीच्या मर्जीवर होतं. सरांच्या डिस्कला परभणीत बसून ते लागू नव्हतं.

आणि हे फक्त हरलेल्या फॉरमॅटचं नाय. जिंकलेला पण एक दिवस जातो. व्हीएचएस जिंकली होती, पण जुलै २०१६ ला शेवटची व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई कंपनी थांबली आणि विषय संपला. ब्लू-रे जिंकली होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीनं कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. पिक्चरचं एवढं काही नाय, तो कुठंतरी मोबाईलवर सापडतो. घरच्या कॅसेटचं काय?

मागच्या उन्हाळ्यात सेलूहून एक ताई आल्या, पिशवीत एकच कॅसेट, १९९१ च्या लग्नाची. कॅसेटला पांढरी बुरशी लागलेली. त्यांना लग्न बघायचं नव्हतं. हळदीच्या आदल्या रात्री त्यांची आजी जात्यावर बसून ओव्या म्हणत होती आणि शूटिंगवाल्यानं दहा-बारा मिनिटं कॅमेरा तिच्यावर ठेवला होता. आजीला लिहिता येत नव्हतं, तिच्या ओव्या कोणी उतरवून घेतल्या नव्हत्या, ती गेली आणि आता तिचा आवाज जगात फक्त त्या पिशवीतल्या टेपवर होता. त्यांनी तीन गावात विचारलं होतं, सगळीकडं सांगितलं मशीन भंगारात दिली. माझ्याकडं कॅसेट चालवायचे दोन डेक आहेत, एकाचा टेप ओढणारा पिंच रोलर गेलेला, दुसऱ्याचा बेल्ट मी तिसऱ्या मेलेल्या मशीनचा काढून घातलाय. कॅसेट उघडून, टेप पुसून, हेड चार वेळा साफ करून शेवटी नऊ मिनिटं निघाली. मध्ये मुंग्या आहेत पण आवाज आला. ताई कानाला हेडफोन लावून स्टुलावर बसून राहिल्या, मी शटर अर्धं ओढून घेतलं.

माझा दुसरा डेक बंद पडला की पुढच्या ताईंना मी पण तेच सांगणार आहे. हेड मिळत नाय, रोलर मिळत नाय. मुंबईत, पुण्यात असतील करणारे, पण जिंतूरच्या, गंगाखेडच्या माणसानं एका कॅसेटसाठी पुण्याला जावं का?

तर मागणं काय आहे ते सांगतो. राइट टू रिपेअरच्या चौकटीत फॉरमॅट बंद होण्याचा विषय घ्या. कंपनीनं आतून ठरवलं की हा फॉरमॅट थांबवायचा, तर त्या दिवसापासून ती मशीन स्वस्तात काढून टाकायला बंदी असावी, निदान डब्यावर मोठ्या अक्षरात लिहावं की ह्याच्या पुढं डिस्क येणार नाहीत, मग घ्यायचं त्यानं समजून घ्यावं. शेवटच्या एका वर्षात घेतलेल्याला बदलून मिळावं किंवा पैसे परत मिळावेत, आणि भारतात विकलं असेल तर भारतात मिळावं. स्पेअर पार्ट कंपनीला ठेवायचे नसतील तर त्यांची मापं, नकाशे खुले करून टाका, आमच्या एमआयडीसीत रोलर अन् बेल्ट बनवणारे लोक आहेत, ते बनवतील. आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी, आयटीआयमध्ये म्हणा नाहीतर जिल्हा ग्रंथालयात म्हणा, एक खोली असावी जिथं व्हीएचएस, मिनी डीव्ही, सीडी, सगळ्याच्या चालू मशीन असतील आणि माणूस आपली कॅसेट आणून उतरवून घेईल. फुकट नको, वाजवी पैसे घ्या.

आणि नवीन काही येत असेल तर आधी सगळ्यांना एका टेबलावर बसवा. डिश टीव्हीच्या बॉक्सचं बघा, एक कंपनी सोडून दुसरी घेतली की जुना बॉक्स आणि छत्री गच्चीवर गंजत पडते, आमच्या गल्लीत एकेका गच्चीवर तीन-तीन छत्र्या आहेत. टीव्ही-फोनचे नियम ठरवणाऱ्या ट्रायनं एप्रिल २०२० मध्येच शिफारस केलीय की बॉक्स असा असावा जो कुठल्याही कंपनीत चालेल. ती शिफारस खाली उतरवायला जोर लावा. युरोपवाल्यांनी २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाईलला एकच टाईप-सी चार्जर सक्तीचा केला, तो वाद सरकारनंच संपवला ना, कोणाच्या घरातलं काही मोडीत न काढता.

सरांची मशीन माझ्याकडं आहे. ब्लू-रे घेतल्यावर त्यांनी ती ट्रान्सफॉर्मरसकट मला ठेवायला दिली, टाकवत नव्हती त्यांना. महिन्यातून एकदा मी चालू करतो, हरणांची डिस्क अजून तशीच लागते. तुमच्या विभागातलं कोणी ह्या नियमांचा विचार करत असेल आणि त्यांना प्रत्यक्ष बघायचं असेल तर जरूर या, दुकान सकाळी दहाला उघडतं. बीटा सोडून बाकी सगळं लावून दाखवता येईल. पण जरा लवकर या, दुसऱ्या डेकचा बेल्ट सैल पडायलाय.

आपला,
परभणीचा एक जुना व्हिडिओ लायब्ररीवाला